पाचारण जगताना प्रार्थनेचे साथीदार: सहभागिता कशी उभी करावी, कशी टिकवावी

“माझ्या सेवेसाठी प्रार्थना करा” असे आपण सहज म्हणतो. समोरचा मनापासून “हो, नक्की” म्हणतो आणि बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. यात कोणाची आस्था खोटी नसते. नेमके काय मागायचे हे प्रार्थना करणाऱ्याला ठाऊक नसते आणि जे मागितले त्याचे पुढे काय झाले हेही त्याला कोणी सांगत नाही. काही आठवड्यांत ते नाव त्याच्या प्रार्थनेतून गळून पडते.

नव्या करारातली प्रेषित पौलाची पत्रे वाचताना उलटे चित्र दिसते. तो ख्रिस्ती मंडळ्यांना आपली गरज नेमकी सांगतो, आपल्यावर काय गुदरले तेही सांगतो आणि त्यांची नावे घेऊन देवाचे आभार मानतो. फिलिप्पैच्या मंडळीबद्दल तो लिहितो की पहिल्या दिवसापासून आजपर्यंत ती सुवार्तेच्या कामात सहभागी आहे (फिलिप्पै 1:5). हे पत्र रोमच्या कैदेतून लिहिले असे मानले तर ही साथ सुमारे दहा वर्षांची होते. एवढी वर्षे ती कशावर टिकली, तर काय मागायचे हे दोन्हीकडे ठाऊक होते आणि काय झाले हे दोन्हीकडे कळत होते. या लेखात सगळा भर याच दोन गोष्टींवर आहे.

लेख फक्त पाळकांसाठी किंवा पूर्णवेळ सेवकांसाठी नाही. परिचारिका, शिक्षक, हिशेबनीस, घरी अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची शुश्रूषा करणारी मुलगी, अशा प्रत्येकाला आपापल्या जागी पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, आहे. ज्या स्थितीत बोलावले गेलो त्या स्थितीत देवाबरोबर राहावे, असे पौल करिंथकरांना सांगतो (1 करिंथ 7:24).

पहिली पायरी: पाचारण दोन वाक्यांत लिहा

साथीदार शोधण्याआधी आपण स्वतः स्पष्ट असायला हवे. ख्रिस्ताकडे येणे, पवित्र जीवन जगणे, त्याची साक्ष देणे हे पाचारण सर्वांना सारखेच आहे. ते वेगळे शोधावे लागत नाही. शोधायचे असते ते आपल्या वाट्याला आलेले विशिष्ट काम. ते कोणासाठी आहे, त्यात नेमके काय करायचे आहे आणि सध्या किती काळासाठी, हे कागदावर लिहा.

“देवासाठी काहीतरी मोठे करायचे आहे” या वाक्यासाठी कोणी प्रार्थना करू शकत नाही. “मंडळीतल्या किशोरवयीन मुलांना स्वतः शास्त्र वाचायला शिकवायचे, निदान पुढची तीन वर्षे” यासाठी करता येते. “रात्रपाळीत मरणोन्मुख रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना ख्रिस्ताच्या प्रेमाने सोबत करायची” यासाठीही करता येते. वाक्य छोटे असले तरी चालेल, ते खरे असले पाहिजे.

हे वाक्य सापडायला वेळ लागू शकतो. यरुशलेमेच्या भिंती पडल्याची बातमी पारसच्या राजाच्या सेवेत असलेल्या नहेम्याला किसलेव महिन्यात कळली आणि तो राजाशी बोलला नीसान महिन्यात. मधले सुमारे चार महिने तो शोक, उपास आणि प्रार्थना करत होता. पण राजाने “तुला काय हवे?” असे विचारले तेव्हा त्याचे उत्तर तयार होते. किती काळ जायचे, कोणत्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे हवीत, लाकूड कुठून घ्यायचे, सगळे त्याने सांगितले (नहेम्या 2:5-8). चार महिन्यांच्या प्रार्थनेने त्याचे दुःख मागणीच्या रूपात आणले होते. यरुशलेमेस पोहोचल्यावरही त्याने आधी रात्री फिरून भिंती पाहिल्या आणि मग लोकांना बोलावले. एकांतात प्रार्थना, मग प्रत्यक्ष पाहणी, मग लोकांना आमंत्रण, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

मात्र एकांताचा काळ लांबवत राहू नका. अंत्युखियात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना सेवेसाठी वेगळे करण्याविषयी पवित्र आत्मा बोलला, तो पाच जण मिळून उपासना व उपास करत असताना (प्रेषित 13:1-3). आपले पाचारण आपल्याला एकट्यालाच ऐकू येत असेल आणि जवळून ओळखणाऱ्या कोणालाही ते पटत नसेल, तर थांबून त्यांचे म्हणणे नीट ऐकून घ्या.

दुसरी पायरी: साथीदार निवडा

येशूने बारा जणांना निवडण्याआधी रात्रभर प्रार्थना केली (लूक 6:12-13). आपणही नावे सुचतील तशी लगेच कोणाला विचारू नये. काही दिवस ती नावे प्रभूपुढे ठेवावीत.

साधारणपणे तीन प्रकारची माणसे लागतात. दोन-तीन अगदी जवळची, ज्यांना सगळे सांगता येईल. दहा-पंधरा जणांचे थोडे मोठे वर्तुळ, ज्यांना ठरावीक काळाने प्रार्थनाविषय कळवायचे. आणि मंडळीतील एक जबाबदार व्यक्ती, पाळक किंवा मंडळीचे वडील (एल्डर), ज्यांना आपल्याला जाब विचारण्याचा अधिकार असेल. सुरुवात जवळच्यांपासून करा. शंभर जणांचा व्हॉट्सॲप गट एका दिवसात उभा राहतो, पण त्यातला एकही माणूस रात्री अकरा वाजता फोन करण्याइतका जवळचा नसेल तर त्या गटाचा आधार वाटत नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने सगळ्या शिष्यांमधून तिघांनाच आणखी पुढे नेले, आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे त्यांना उघड सांगितले आणि जागे राहायला सांगितले. ते झोपले, हे खरे. तरीही त्याने त्यांना सांगितले आणि मागितले. आपल्याला संकोच वाटतो तेव्हा हा प्रसंग आठवावा.

जवळच्या साथीदारांत काय पाहावे? सुंदर, ओघवती प्रार्थना करणारा माणूस शोधू नका. दिलेली वेळ पाळणारा, ऐकलेले बाहेर न बोलणारा आणि चुकतो तिथे तोंडावर सांगणारा माणूस शोधा. तिसरा गुण सगळ्यांत दुर्मीळ आहे. आपल्या प्रत्येक बेताला “आमेन” म्हणणारा साथीदार पुढे उपयोगी पडत नाही.

वय, काम, अनुभव यांत फरक असला तर उत्तम. आणि जे फारसे कुठे जाऊ-येऊ शकत नाहीत त्यांना वगळू नका. मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये भारतात आले. त्यांची बहीण मेरी इंग्लंडमध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली होती. तिने अनेक वर्षे भावाच्या कामासाठी प्रार्थना केली आणि पत्रे लिहिली. 1811 साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापून निघाला त्या कामाच्या मागे अशी न दिसणारी माणसेही होती. आजारी, वृद्ध, घरात अडकलेल्या विश्वासणाऱ्यांना आपण भेटायला जातो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि निघून येतो. त्यांच्याकडे आपले ओझे घेऊन जाणे हा त्यांचा मान आहे, असे मला वाटते.

जोडीदार असेल तर घरात सर्वांत आधी त्याला किंवा तिला सगळे माहीत असावे. पण सारा भार जोडीदारावरच टाकू नये. तो भार आधीच उचलत असलेल्या माणसालाही कोणाची तरी प्रार्थना लागते. एकास-एक अशी नियमित जोडी करणार असाल तर पुरुषाने पुरुषाबरोबर आणि स्त्रीने स्त्रीबरोबर करणे शहाणपणाचे, कारण या प्रार्थनेत मन फार उघडे होते.

तिसरी पायरी: स्पष्ट शब्दांत विचारा

विचारताना पाच गोष्टी सांगा: काम काय आहे, त्यांच्याकडून काय हवे आहे, किती वेळा, किती काळ, आणि नाही म्हणायला ते पूर्ण मोकळे आहेत. उदाहरणार्थ असे म्हणता येईल: “मुलांच्या शास्त्रवर्गासाठी मला दर आठवड्याला अर्धा तास फोनवर माझ्याबरोबर प्रार्थना करणारे कोणीतरी हवे आहे. सहा महिने करू, मग पुढचे ठरवू. मी जे सांगेन ते आपल्या दोघांत राहावे. लगेच उत्तर देऊ नका, आठवडाभर प्रार्थना करा. जमणार नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा, मला वाईट वाटणार नाही.”

मुदत घालायला लोक कचरतात. प्रार्थनेला कसली मुदत, असे वाटते. पण मुदतीमुळे माणूस मन लावून हो म्हणतो, आणि मुदत संपल्यावर अपराधी न वाटता थांबूही शकतो. पंडिता रमाबाईंच्या कामात याचे चांगले उदाहरण आहे. 1887 साली बॉस्टनमध्ये त्यांच्या कामाला साथ देण्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ नावाचे छोटे गट उभे राहिले. त्यांनी दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले होते. त्या आधारावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. मुदत संपल्यावर 1898 मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, जुन्या संस्थेचा कार्यकाळ रीतसर संपला आणि नव्या रूपात साथ पुढे चालू झाली. दिलेला शब्द, ठरलेला काळ आणि मग समोरासमोर बसून पुढचा विचार. दोन माणसांच्या प्रार्थना-जोडीलाही हेच लागू पडते.

चौथी पायरी: प्रार्थनाविषय नेमके लिहा

बहुतेक सहभागिता इथेच ढिली पडते, म्हणून या पायरीवर जरा थांबू.

रोमकरांस पत्र 15:30-32 उघडा. पौल यरुशलेमेला निघाला आहे आणि रोमच्या विश्वासणाऱ्यांना आपल्याबरोबर प्रार्थनेत झगडायला सांगतो. तो तीन गोष्टी मागतो. यहूदियातील अविश्वासणाऱ्यांपासून सुटका व्हावी. यरुशलेमेच्या पवित्र जनांनी त्याने नेलेली मदत स्वीकारावी. आणि देवाच्या इच्छेने आनंदाने रोमला येऊन त्यांच्या सहवासात विसावा मिळावा. म्हणजे एक विषय धोक्याचा, एक नातेसंबंधांचा, एक पुढच्या वाटेचा. वाचणाऱ्याला लगेच गुडघे टेकता येतील इतके ते स्पष्ट आहे.

आता कलस्सै 4:3-4 पाहा. पौल बेड्यांत आहे, पण तुरुंगाचे दार उघडावे असे तो इथे मागत नाही. वचनासाठी दार उघडावे आणि ते स्पष्ट करून सांगता यावे, एवढे मागतो. इफिस 6:19-20 मध्ये धैर्याने बोलता यावे म्हणून विनंती आहे. तर 2 थेस्सलनी. 3:1-2 मध्ये प्रभूचे वचन वेगाने पसरावे आणि दुष्ट माणसांपासून सुटका व्हावी, असे दोन्ही एकत्र आहे. संरक्षण मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही, आणि केवळ संरक्षण मागून तो थांबलाही नाही.

या उदाहरणांवरून आपला विषय लिहिताना स्वतःला विचारण्यासारखे काही प्रश्न निघतात. या आठवड्यात मी कोणाला भेटणार आहे आणि त्यांच्यासाठी काय मागायचे आहे? काय बोलायचे आहे, जे मला अजून सुचलेले नाही? कोणते दार बंद आहे? माझ्या स्वभावात काय आडवे येत आहे, चिडचिड, भीती, की मान मिळवण्याची हाव? आणि कशासाठी आभार मानायचे आहेत? पाचही प्रश्नांची उत्तरे दर वेळी असतीलच असे नाही. पण स्वभावाचा प्रश्न वारंवार रिकामा राहत असेल तर तो जाणीवपूर्वक भरा. कामासाठी प्रार्थना मागणे सोपे असते. “मला हेवा वाटतो, त्यासाठी प्रार्थना करा” असे म्हणणे जड जाते, आणि नेमक्या त्याच गोष्टीमुळे सेवा आतून पोखरली जाते.

फरक कसा दिसतो ते पाहा. “वर्गासाठी प्रार्थना करा” या विनंतीऐवजी असे लिहा: “शनिवारी वर्ग आहे. दोन मुले महिनाभर आलेली नाहीत. त्यांच्या घरी शुक्रवारी जाणार आहे. घरचे माझ्याशी मोकळेपणाने बोलावेत म्हणून मागा. मार्क 4 मधला पेरणाऱ्याचा दाखला शिकवायचा आहे, पण मी सोपे बोलत नाही अशी तक्रार आहे. मला सोपे शब्द मिळावेत. आणि मागच्या आठवड्यात एका मुलाने पहिल्यांदा स्वतःहून प्रार्थना केली, त्याबद्दल आभार माना.” पाच-सहा ओळी पुरेत. लांबलचक पत्रक वाचले जात नाही.

दोन मर्यादा कसोशीने पाळा. ज्यांच्यामध्ये आपण काम करतो त्यांची गुपिते प्रार्थनाविषयाच्या नावाखाली बाहेर नेऊ नका. नाव, पत्ता, आजार, छायाचित्र यांतले काहीही त्यांच्या परवानगीशिवाय देऊ नये. “एक कुटुंब” एवढे पुरते, देवाला ते कुटुंब ठाऊक आहे. त्यातही मुले आणि रुग्ण यांच्याबाबत अधिक जपा. दुसरे म्हणजे, प्रार्थनाविषयातून पैसे सुचवू नका. मदत हवी असेल तर ती सरळ, वेगळी मागावी.

पाचवी पायरी: वेळ ठरवा आणि भेटीला आकार द्या

जर्मनीतल्या हेर्नहूट येथील मोराव्हियन पंथाच्या विश्वासणाऱ्यांनी 1727 च्या ऑगस्टमध्ये अखंड प्रार्थना सुरू केली. 24 पुरुष आणि 24 स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेतले. ही साखळी शंभर वर्षांहून अधिक टिकली आणि पाच वर्षांतच, 1732 मध्ये, त्यांचे पहिले मिशनरी वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटाकडे निघाले. एकट्याने चोवीस तास जागणे कोणाला शक्य नव्हते, प्रत्येकाच्या वाट्याला एक तास आला म्हणून ते जमले. आपल्या वर्तुळातही वार वाटून घेता येतात: सोमवार एकाचा, मंगळवार दुसऱ्याचा. आज कोणीतरी आपल्यासाठी देवापुढे उभे आहे हे कळले की त्या दिवसाचे काम करताना धीर येतो.

जवळच्या साथीदारांची भेट आठवड्यातून एकदा, पाऊण तासाची पुरेशी होते. सुरुवातीला शास्त्रातला छोटा भाग वाचा, स्तोत्र किंवा पत्रातली काही वचने. मग मागच्या वेळच्या विषयांचे काय झाले ते थोडक्यात सांगा आणि नवे विषय मांडा. उरलेला निम्मा वेळ फक्त प्रार्थनेसाठी राखा. बोलण्यातच वेळ संपतो आणि शेवटची तीन मिनिटे प्रार्थनेला उरतात, ही अडचण जवळजवळ प्रत्येक गटात येते. म्हणून घड्याळाकडे पाहण्याचे काम एकाला द्या. नाहीतर विषय न सांगता थेट प्रार्थनेत उतरा. ज्याला जे सांगायचे ते तो देवालाच सांगेल, बाकीचे ऐकतील आणि त्याला जोडून मागतील.

काय मागावे सुचत नसेल तर कलस्सै 1:9-12 मधल्या पौलाच्या प्रार्थनेत समोरच्याचे नाव घालून ती करा. देवाच्या इच्छेचे ज्ञान, त्याला शोभेल असे चालणे, आनंदाने सोसण्याचे बळ. सेवेत असलेल्या कोणालाही हे कोणत्याही आठवड्यात लागतेच.

शांततेलाही थोडी जागा ठेवा. एखादी भेट चुकली तर भरपाईचा हिशेब करू नका, पुढची पाळा. फोनवर किंवा व्हिडिओवर भेटायलाही हरकत नाही. मात्र टाइप केलेला हात जोडल्याचा इमोजी आणि प्रार्थना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. “प्रार्थना करतो” असे लिहायचे असेल तर आधी तिथेच थांबून करावी, मग लिहावे.

सहावी पायरी: परत कळवा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा सुटते. अंत्युखियाच्या मंडळीने पाठवलेले पौल आणि बर्णबा प्रवास संपल्यावर तिथेच परतले, मंडळीला एकत्र जमवले आणि देवाने काय काय केले ते सांगितले (प्रेषित 14:26-27). ज्यांनी हात ठेवून पाठवले त्यांना वृत्तान्त ऐकण्याचा हक्क होता.

एक वही ठेवा. तारीख, विनंती आणि पुढे काय झाले, असे तीन रकाने करा. दर तीन महिन्यांनी ती साथीदारांबरोबर वाचा. काही विषय पूर्ण झालेले असतील आणि आपण आभार मानायला विसरलेलो असू. काही बदललेले असतील. काहींसमोर अजून काहीच नसेल, तिथे “अजून नाही” असे लिहा.

या “अजून नाही”ला घाबरू नका. केरींच्या हातून 1793 पासून सात वर्षे एकाही भारतीय माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही. कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला तो 28 डिसेंबर 1800 रोजी. त्या सर्व वर्षांत इंग्लंडमध्ये केरींच्या मिशन संस्थेचे चिटणीस अँड्र्यू फुलर मंडळ्यांमध्ये फिरत होते, पत्रे लिहीत होते, साथ टिकवत होते. केरी खाणीत उतरत आहेत आणि आपण वर दोर धरून आहोत, असे ते या नात्याचे वर्णन करत. 1815 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी तो दोर सोडला नाही. खालच्या माणसाने वर काही कळवलेच नसते, तर वरच्यांनी कुठवर धरायचे?

उत्तर आपल्या कल्पनेपेक्षा वेगळे आले तर तेही जसेच्या तसे सांगा. रोमकरांना मागायला सांगितलेल्या त्या तीन गोष्टींचे काय झाले? पौल जिवे मारला गेला नाही, पण त्याची सुटका झाली ती रोमी शिपायांच्या ताब्यात. मग कैसरीयात दोन वर्षे कैद, वादळ, जहाज फुटणे. तो रोमला पोहोचला खरा, पण कैदी म्हणून. तरी बंधुजन वाटेत भेटायला आले तेव्हा त्याने देवाचे आभार मानले आणि त्याला धीर आला (प्रेषित 28:15). प्रार्थना ऐकली गेली होती, पण मागताना कोणी कल्पिले नव्हते अशा रीतीने.

वाईट बातमी लपवू नका. आशियात आपण शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा सोडली, असे पौल करिंथकरांना लिहितो, आणि लगेच त्यांच्या प्रार्थनेच्या साहाय्याबद्दल बोलतो (2 करिंथ 1:8-11). पुष्कळांनी प्रार्थना केली तर पुष्कळ जण आभार मानतील, हे त्याचे म्हणणे. फक्त यशाच्या गोष्टी कळवणाऱ्या सेवकासाठी लोक टाळ्या वाजवतात, पण त्याला प्रार्थनेची गरज आहे हे त्यांना उमगत नाही. आकडेही फुगवू नका. सभेला अकरा जण आले असतील तर अकरा लिहा.

प्रार्थना करणाऱ्याच्या बाजूने

आता दुसऱ्या टोकाकडे. आपल्यापैकी अनेकांचे पाचारण मुख्यतः हेच असते. एपफ्रास कलस्सैकरांसाठी प्रार्थनेत सतत झगडत असे आणि पौल त्यासाठी कष्ट हा शब्द वापरतो (कलस्सै 4:12-13). अमालेकाशी लढाई खाली यहोशवा लढत होता, वर मोशेचे हात उचललेले होते. ते जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि दोन्ही बाजूंनी सूर्यास्तापर्यंत हात धरले (निर्गम 17:10-13). प्रार्थना करणाऱ्यालाही आधार लागतो, हे या प्रसंगात सहज नजरेतून सुटते. म्हणून आपल्यासाठी नियमित प्रार्थना करणाऱ्याची विचारपूस करा, त्याच्या घरच्या अडचणी जाणून घ्या, त्याच्यासाठी मागा. साथ एकाच बाजूने वाहू लागली की लवकर आटते.

प्रार्थना करणाऱ्याने विषय आला नाही तर वाट पाहू नये, स्वतः विचारावे. “मागच्या आठवड्यातल्या त्या भेटीचे काय झाले?” हा एक प्रश्न सेवेतल्या थकलेल्या माणसाला फार आधार देतो. उपदेश करण्याची घाई करू नका. आणि आपण प्रार्थना करतो म्हणून त्याच्या निर्णयांवर हक्क सांगू नका. प्रार्थनेत एखादी गोष्ट तीव्रतेने जाणवली तर नम्रपणे सांगा, ती शास्त्राशी ताडून पाहा, आणि “प्रभूने मला सांगितले आहे, तू हेच कर” अशी भाषा टाळा. तिने समोरच्याचे तोंड बंद होते.

पैशाचा प्रश्न

प्रार्थना करणारे अनेकदा मदतही करू इच्छितात. फिलिप्पैकरांनी पौलाला थेस्सलनीकात असताना एकदा-दोनदा मदत पाठवली होती, आणि कैदेत असताना एपफ्रदीताच्या हाती. पौल मोकळ्या मनाने पोच देतो, पण आपल्याला देणगीची हाव नाही, तुमच्या खात्यात फळ वाढावे ही इच्छा आहे, असेही सांगतो (फिलिप्पै 4:15-18). यरुशलेमेसाठी गोळा केलेली रक्कम नेताना त्याने मंडळ्यांनी नेमलेली माणसे बरोबर घेतली. प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा म्हणून (2 करिंथ 8:19-21).

त्यामुळे सेवेचे पैसे घरखर्चाच्या पैशांत मिसळू नका, हिशेब दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालून जाऊ द्या, प्रत्येक रकमेची पोच द्या आणि आपल्याकडचे देणगीविषयक कायदे पाळा. देणाऱ्याला जास्त वेळ आणि न देणाऱ्याला कमी, असे कधी होऊ देऊ नका. ज्याच्याकडे देण्यासारखे फक्त प्रार्थना आहे तो पूर्ण भागीदार आहे.

मतभेद झाले तर

पौल आणि बर्णबा यांना उपास-प्रार्थना करून एकत्र पाठवले होते, तरी मार्कला बरोबर घ्यावे की नाही यावर त्यांच्यात कडाक्याचा वाद झाला आणि ते वेगळे झाले (प्रेषित 15:36-40). पुढे मार्क सेवेसाठी उपयोगी आहे, त्याला घेऊन ये, असे पौलच तीमथ्याला लिहितो (2 तीमथ्य 4:11). प्रत्येक वाद एका बैठकीत मिटत नाही, हे मान्य करायला हवे. काहींना वर्षे लागतात.

पण प्रयत्न त्याच आठवड्यात सुरू करावा. ज्याच्याशी बिनसले त्याच्याशीच आधी बोला, गटात नको. प्रार्थनेतून टोमणे मारू नका. “प्रभू, काही जणांचा गर्व मोडून टाक” असे मोठ्याने म्हणणे ही प्रार्थना होत नाही. दोघांत मिटले नाही तर दोघांनाही मान्य असलेला तिसरा बोलवा. युवदीया आणि सुंतुखे या सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या स्त्रियांसाठी त्याने हेच केले. दोघींना नावाने विनंती केली आणि एका विश्वासू सोबत्याला त्यांची मदत करायला सांगितले (फिलिप्पै 4:2-3). गुप्त गोष्ट बाहेर गेल्यामुळे वाद झाला असेल, तर क्षमा करूनही पुढे काय सांगायचे आणि काय नाही हे नव्याने ठरवायला हरकत नाही.

मुदत संपते तेव्हा

ठरलेला काळ संपत आला की शेवटची भेट थोडी मोठी ठेवा. वही समोर घ्या आणि सुरुवातीपासूनचे विषय वाचून आभार माना. मग दोघांनीही मोकळेपणाने सांगावे: पाचारणाचे ते वाक्य अजून खरे आहे का, की बदलले आहे? ही वेळ, ही पद्धत जमते आहे का? आणखी कोणाला सामील करावे का? पुढे जायचे असेल तर नवी मुदत ठरवा. साथीदाराला थांबायचे असेल, तब्येत असेल, घरची जबाबदारी असेल किंवा प्रभू त्याला दुसरे ओझे देत असेल, तर कारण खोदून विचारू नका. त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना करा आणि त्याच्या पुढच्या कामासाठी आपल्या वहीत एक पान राखा. अपूर्ण राहिलेले विषय वेगळे काढून नव्या साथीदाराला द्या. जुन्या साथीदाराने ज्या विषयासाठी वर्षानुवर्षे मागितले त्याचे उत्तर पुढे कधी आले, तर पहिला फोन त्याला करा.